वीस लिटरचा कॅन

एस्तान्सिया बंदराच्या धक्क्यावर क्रिसांतो मासळी विकत घ्यायचा. त्याच्या डिजिटल काट्यावर तपासनीस लुर्देसबाईंनी वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवलं. आकडा आला एकोणीस किलो पाचशे दहा ग्रॅम.

"सहा महिने आम्हाला लुटतोयस," म्हणत एउफेमियो या मच्छीमाराने बर्फ फोडायचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात काट्यावर पडले. क्रिसांतो उठू लागला तसा दुसरा घाव उजव्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. मग चौघे मच्छीमार लाथा घालायला लागले. लुर्देसबाई त्याच्यावर आडव्या पडल्या. त्यांच्याच बरगडीत एक लाथ बसली, तेव्हा ते थांबले.

"काटा वीस किलोवर कशाने लावला होतास?" बाईंनी धापा टाकत विचारलं.

"पाण्याने. कॅन भरून. वीस लिटर म्हणजे वीस किलो."

"कुठलं पाणी?"

क्रिसांतोने डाव्या हाताने धक्क्याखालचा समुद्र दाखवला.

बाईंनी दात उचलून काटा पुसला, प्रमाणित वजनाने नीट लावला आणि त्याचाच कॅन समुद्रातून भरून त्यावर ठेवला. रिकाम्या कॅनचं वजन वजा करून आकडा आला साडेवीस.

"खारं पाणी जड असतं," त्या म्हणाल्या. "साडेवीसला हा वीस समजत होता. मासळी कमी भरली ती त्यामुळे."

एउफेमियोने दांडा खाली ठेवला. "मग मनोंग, दादा, आधी सांगायचं ना."

"तोंड ठेवलंस कुठं तू?" क्रिसांतो रक्त थुंकत म्हणाला.