गुळाच्या रव्याचं बूड

अण्णाप्पांनी चाळीस वर्षं गुळाची अडत चालवली ती एका सवयीवर. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, उलटा करून बूड बघितल्याशिवाय बोली लावायची नाही. वरून केशरी दिसणारा गूळ बुडाशी काळा निघतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. म्हणूनच राजारामपुरीतला, पोरं परदेशी धाडणारा तो एजंट पहिल्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत खुपत होता.

"कॅनडात बेकरीत पैसा घालायचा, की कायम ऱ्हायाचा परवाना हातात," त्यांचा एकुलता एक मुलगा सोमेश सांगायचा. "तुमी फकस्त दुकान माझ्या नावावर करा, अण्णा. इकायचं मी बघतो की."

बक्षीसपत्राची तारीख मंगळवारची ठरली. सोमवारी अण्णाप्पा कुणाला न सांगता एजंटकडं गेले. कपाळावरची विभूती पुसली, टोपी खिशात घातली आणि पोराला परदेशी धाडायचंय म्हणून खुर्चीत बसले. या वयात असली सोंगं आणायची म्हणजे लाजच. पण पोरगं भोळं, त्याला कुणी गंडवलं तर?

एजंट गोड बोलत होता. जरा जास्तच गोड.

"दुकान इकून पैसा आणला, तर तिकडं काय इचारत न्हाईत व्हय?" अण्णाप्पांनी खडा टाकला.

"इचारत्यात की, पावणं!" त्यानं एक फाईल उघडली आणि नावावर तळहात ठेवला. "बापानं बक्षीस दिलं म्हटलं, की बापाची समदी कुंडली मागत्यात. ह्या पोरानं डोकं चालवलं. बाप वारला, दुकान वारसानं आलं, आसं लिवलं."

"तुमीच सुचवलं आसंल."

"आईशप्पत न्हाई! मृत्यूचा दाखलासुदीक त्योच घिऊन आला."

नाव झाकलेलं होतं, पण दुकानाचा फोटो उघडा होता. निळी दारं, आणि त्यावर दिवाळीला अण्णाप्पांनी स्वतः बांधलेलं तोरण.

इतके दिवस ते भलताच रवा उलटा करत बसले होते. टोपी घालायची शुद्धही त्यांना राहिली नाही, तसेच चालत घरी आले. रात्री सोमेशनं ताटात भाकरी वाढली, ती त्यांनी खाल्ली.

मंगळवारी नोंदणी कार्यालयात सोमेशनं कागद पुढं सरकवला. "अण्णा, हितं सही करा. खाली तारीख घाला."

अण्णाप्पांनी पेन उघडलं, पोराकडं बघितलं.

"तारीख कंची घालू रं?" ते म्हणाले. "आजची, का मी मेल्याली?"