जेवायला वेळ लावणारा

"घरचं वातावरण चांगलंय मॅडम, तसंच लिहा," म्हणत आईने पाण्याचा पेला पुढे केला.

मॅडम बाल न्यायालयासाठी गृहभेटीचे अहवाल लिहीत. निवृत्तीला चार महिने उरले होते. या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाने बसथांब्यावर, शेजारच्या बांधकामावरचा गज उचलून एका अनोळखी माणसाच्या डोक्यात घातला होता. माणूस वाचला, पण त्याची वाचा गेली. भांडण कशावरून, तर रांगेवरून. एवढ्याशा कारणाने? तेवीस वर्षांत मॅडमचं हे कुतूहल काही शमलं नव्हतं.

वडील कामावर गेले होते. धाकटी बहीण दाराशी नखं कुरतडत उभी होती.

"दादा कसा आहे गं?"

"शांत. जेवायला मात्र खूप वेळ लावतो."

"का बरं?"

आईने डोळे वटारले, पण पोरगी बोलून गेली. "बाबा जेवताना पट्टा काढून ताटाशेजारी ठेवतात. मी भराभरा उरकून बाहेर पळते. दादा बसून राहतो. तो उठला की आईची पाळी येते ना."

आई कोरडाच पेला पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅडम निरीक्षणगृहात मुलाला भेटल्या. "त्या माणसाने तुला मारलं होतं का रे?"

"नाही. त्याने कमरेला हात घातला."

"मग?"

"मला वाटलं, पट्टा काढतोय. फोन काढत होता. नंतर कळलं."

"तुला कुठे राहायचंय?"

"घरीच. आता तिथे आईजवळ कोण बसतं?"

अहवाल लिहिण्याआधी मॅडम पुन्हा त्या घरी गेल्या. "मी खरं तेच लिहिणार. त्याला इथे पाठवू नका, असंही लिहिणार. पण मग तुमचं काय?"



सुनावणीत दोन वर्षं सुधारगृहाचा हुकूम झाला. जखमी माणसाची बायको मागच्या बाकावर होती. ती कुणाकडेच न बघता निघून गेली. बाहेर आई मुलीसोबत उभी होती. पायाशी फुगलेली पिशवी.

शिपाई म्हणाला, "बाई, घरचे कपडे तिथे चालत नाहीत हो."

"त्याचे नाहीत," आई म्हणाली. "आमचे आहेत. माझ्या बहिणीकडे निघालोय."

मुलीने पिशवी उचलली. चांगलीच जड होती, तरी ती आईच्या हाती देईना.