कानसेनांचं लांबलेलं निदान

लेक फोन करायची तो आईला. पंधरा दिवसांतून एकदा, आणि शेवटी विचारायची, "बाबा बरे आहेत ना?" बाबा तिथेच तीन हातांवर बसलेले असायचे. आई म्हणायची, "बरे आहेत," आणि फोन ठेवायची. या "बरे आहेत"वर बाबांनी सहा वर्षं काढली होती.

वर्कशॉपातल्या मंडळींनी त्यांचं नाव कानसेन ठेवलं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, की चहा निवायच्या आत त्यांचं निदान तयार. पस्तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचं ऐकलं. घरच्या माणसांशी बोलायचं तेवढं राहून गेलं. निवृत्त झाल्यावर घरात ऐकायला उरलं काय, तर फ्रिज. आणि त्या मेल्या फ्रिजलाही काही बिघाड नव्हता.

अशात दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीने एक जुनी, दोन दारांची गाडी घेतली. तिकडे रेसचा ट्रॅक अधूनमधून हौशी लोकांसाठी दिवसभर उघडा ठेवतात. आपापली गाडी न्यायची आणि हौस फिटेस्तोवर पळवायची. पहिल्याच खेपेला ऑइल प्रेशरचा काटा खाली झोपला, शिवाय तिसरा गिअर आपोआप निसटायला लागला. तिने रविवारी फोन केला, तो थेट बाबांना.

"बाबा, काटा मधेच पडतो आणि परत वर येतो. काय असेल?"

कानसेन खुर्चीतून उभेच राहिले. पंचवीस मिनिटं बोलले. फोन ठेवला तेव्हा कान गरम झाला होता, आणि तो तसाच गरम राहावा असं त्यांना फार वाटलं.

त्या रविवारी त्यांनी तिला तेलाची पातळी बघायला सांगितली. पुढच्या रविवारी म्हणाले, सेन्सर खोटं बोलत असेल, तो काढून तिथे साधं मीटर बसवून घे. दोन्ही सल्ले खरे होते. आधी काट्याची झडती, मग इंजिनाची, अशीच त्यांची पद्धत होती. तिसऱ्या रविवारी तिने ट्रॅकवरचा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पाठवला.

कानसेनांनी तो एकदाच पाहिला. सरळ रस्त्यावर काटा ठणठणीत. उजव्या वळणांवर ठणठणीत. मागच्या बाजूचं ते लांबलचक डावं वळण आलं, की तो शून्याकडे घसरायचा आणि वळण सुटताच पुन्हा जागेवर. पंप गेला असता किंवा बेअरिंग झिजली असती, तर काटा सगळीकडेच ढेपाळला असता. इथे तेल भरपूर होतं, पण वेगात वळताना ते सगळं इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या उजव्या भिंतीला जाऊन चिकटत होतं, आणि पंपाची जाळी उघडी पडून हवा ओढत होती. चेंबर उतरवून आत पत्र्याचे आडवे पडदे बसवले की काम फत्ते.

गिअरबॉक्सचंही त्यातच कळलं. लेकीचा हात सबंध वेळ गिअरच्या दांड्यावर टेकलेला. त्या भाराने गिअर सरकवणारा आतला फोर्क सतत घासतो, झिजतो, मग गिअर नीट बसत नाही. तिने हात उचलला की एक बारीक घरघर थांबायची. दुसऱ्या कोणाला ती ऐकूही आली नसती.

सांगायला दोन मिनिटं पुरली असती. दोनच मिनिटं पुरली असती, हीच तर पंचाईत होती.

"बघतो," ते फोनवर म्हणाले. "तू असं कर, फिल्टर बदलून बघ. आणि पुढच्या रविवारी सांग."

चौथ्या रविवारी त्यांनी जाड तेल भरायला लावलं. पाचव्या रविवारी पंपाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलायला लावली. तेलाचं संपलं की गिअरबॉक्स होताच. पुरवून पुरवून वापरला असता तर आणखी दोन महिने सहज निघाले असते. आणि या फोनांत मधूनमधून दुसरंही काहीबाही सांडायचं. तिला चष्मा लागला होता. ऑफिसातल्या नव्या साहेबाला दार न आपटता बंद करता येत नव्हतं. कानसेन हे सगळं जपून ठेवत आणि जेवताना बायकोला ऐटीत सांगत, "अगं, तुला माहीत नाही? तिला चष्मा लागलाय."

सहाव्या रविवारी अकरा वाजले तरी फोन आला नाही.

"फोनकडे काय टक लावून बसलात?" वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली. "आज ती ट्रॅकवर गेलीय."

"कुठे?"

"ट्रॅकवर हो. काल म्हणाली मला. बाबांनी सांगितलं ते सगळं बदललं, आता ठीकच असेल म्हणाली."

गाडी पळवू नकोस, हे वाक्य कानसेन एकदाही बोलले नव्हते. निदान झाल्याशिवाय ती गाडी ट्रॅकवर नेणार नाही, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. कुठलाही मेकॅनिक नेणार नाही. पण ती मेकॅनिक नव्हती. तिने फक्त बापाचं ऐकलं होतं. आता त्या डाव्या वळणावर तेलावाचून बेअरिंग जळली आणि इंजिन जागच्या जागी आवळलं, तर चाकं धरणार, आणि त्या वेगात गाडी कुठे जाऊन आदळेल हे सांगायला कानसेन लागत नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"बिघाड. तीन आठवड्यांपासून माहीत आहे."

"अहो, चहा निवायच्या आत सांगणारा माणूस तुम्ही! आणि पोटच्या पोरीला तीन आठवडे..." बायकोने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती थांबली. तिला कळलं होतं. तिने फोन उचलून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी फोन लावला. सहा वर्षांत त्यांनी स्वतःहून केलेला हा पहिला फोन. तो वाजून वाजून थांबला. मग पुन्हा लावला, मग पुन्हा. बायको हातातला एकच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करत होती. पाऊण वाजता तिकडून फोन आला.

"बाबा, अकरा मिस्ड कॉल? आईला काही झालं का?"

"गाडी कुठे आहे?"

"बाजूला लावलीय. दुसऱ्याच फेरीत काटा झोपला, मग काढली बाहेर."

"इंजिन बंद आहे?"

"बंद आहे. झालंय काय?"

कानसेनांच्या जिवात जीव आला. ते खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. वळण, तेल, जाळी, पडदे, दांड्यावरचा हात. दोनच मिनिटं लागली. तिच्या पाठीमागून कोणाची तरी गाडी सुसाट गेली.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. तिला ते खरंही वाटलं असतं.

"तिसऱ्या रविवारी."

"तिसऱ्या? मग फिल्टर कशाला बदलायला लावलात? बाबा, मी आज दीडशेच्या वेगाने होते त्या वळणावर!"

"हो."

"हो काय? का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू फोन केला नसतास."

मग ती म्हणाली, "नुसतं फोन कर म्हणाला असतात, तरी केला असता मी." आवाजात राग होता आणि रडूही होतं.

"ते मला म्हणता येत नाही."

"मग आता म्हणा."

कानसेनांनी बायकोकडे पाहिलं. ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"फोन करत जा गं," ते म्हणाले. "फार आठवण येते तुझी."

तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं. "पुढच्या रविवारी करते. पण गाडीचं एक अक्षर काढायचं नाही. काढलंत तर ठेवून देईन." आणि तिने फोन ठेवलाच.

पुढचा रविवार यायला अजून अख्खा आठवडा होता. कानसेनांनी फोन बाजूला ठेवला. मग त्यांनी खुर्ची बायकोच्या जवळ ओढली.

"अगं," ते हळू आवाजात म्हणाले, "तू काय काय बोलतेस तिच्याशी?"