वाढीव भत्ता नको

रुपरावानं उभ्या नोकरीत साहेबाकडे कधी काही मागितलं नव्हतं. आणि मागून मागितलं काय, तर माझा पगार कमी करा!

बांगलादेशची लढाई संपून सव्वा वर्ष झालं होतं, पण इतवारी बाजारातल्या भावांना ते कुणी सांगितलंच नाही. ज्वारी चढली, तेल चढलं, रॉकेलच्या रांगेत बाया पहाटेपासून डबे मांडून ठेवू लागल्या. मग महागाई झाली म्हणून कारकुनांचा भत्ता वाढला. रुपरावाला महिन्याला सव्वाचारशे मिळू लागले, म्हणजे वर्षाचे पाच हजार शंभर. पाच हजारांच्या वर इन्कमटॅक्स. टॅक्स म्हणाल तर वर्षाला दहा-अकरा रुपये, तो त्यानं पोटाला चिमटा काढून भरलाही असता. पण त्याच्या पोरीची, जयाची, कॉलेजची फी एक ट्रस्ट भरत होता, आणि ज्या घरी इन्कमटॅक्स त्या घराला फीमाफी नाही, असा ट्रस्टचा नियम होता. माफी गेली की जयाचं शेवटचं वर्ष गेलं.

मेला पगार वाढला तरी कुठे? लढाईआधी तीनशेत जेवढं घरात येत होतं, तेवढं आता सव्वाचारशेत येत नव्हतं. पाच हजारांची रेघ मात्र होती तिथंच होती.

म्हणून त्यानं अर्ज लिहिला. हेडक्लार्क चंपतरावांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. हसतील असं रुपरावाला वाटलं होतं, ते हसले नाहीत. भत्ता नाकारायची सोय कुठल्याच नियमात नाही, एवढं त्यांनी सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लढाईत ज्या शेठनं ज्वारीची गोदामं भरली, तो धंद्यात खोट दाखवते. त्याच्या पोरीले माफी आहे. तुया पगार तर कागदावर आहे गा. तू कुठी लपवशीन?"

ती पोरगी जयाच्याच वर्गात होती. रुपरावाला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात जीव लागतो. तो सायकल ढकलत चालतच घरी आला.

दारात त्याची आई, अंजनाबाई, जिलबीचा पुडा घेऊन उभी. कचेरीत कामाला असलेल्या शेजाऱ्यानं रुपरावाला इन्कमटॅक्स लागल्याची बातमी तिला आधीच पोचवली होती. जन्मभर विड्या वळलेली बाई ती. इन्कमटॅक्स शेठ लोक भरतात, एवढंच तिला ठाऊक. थेट विहारापर्यंत साऱ्या वस्तीत तिनं जिलबी वाटली होती.

"बाबू," ती म्हणाली, "तुया बापानं जलमभर सरकारपुढं हात पसरला. तू सरकारले देऊन राहिला." तिचे डोळे भरून आले. खरं सांगायला रुपरावानं तोंड उघडलं, तर तिनं त्यात जिलबीच घातली.

मग तिनं जयाला खडू दिला. दारावरच्या नावाखाली 'इन्कमटॅक्स भरणारे' असं लिही म्हणाली, मोठ्या अक्षरात, रस्त्यावरून दिसेल असं.

अर्जाचं नि माफीचं सगळं जयाला सकाळपासून माहीत होतं. खडू हातात धरून तिनं बापाकडे पाहिलं.

"लिहू, बाबा?"

रुपरावानं जिलबी कशीबशी गिळली.

"लिही वं," तो म्हणाला. "अक्षर चांगलं काढ."