नुसतं काका

वेणूने मोड आलेले वाल कोमट पाण्याच्या टोपात ओतले आणि टोप दोघांच्या मधोमध सरकवला. कमळाकरांनी बाह्या दुमडल्या, एक वाल चिमटीत धरून दाबला. साल हातात राहिलं, दाणा उडून थेट वेणूच्या ओच्यात.

"नेम बघ म्हाताऱ्याचा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमधल्या उपासनेनंतर त्यांची बहीण हौसा बेलपाड्याहून जेवायला येणार होती. हौसाला वालांचं बिरडं लागायचंच. पनवेलच्या त्या दोन खोल्यांत ती आली की जेवण लांबायचं आणि भांडणही व्हायचं, दोन्ही प्रेमाने.

"उद्या मंडळीत दोन शब्द मना बोलायचं हाय," कमळाकर म्हणाले. "विषय दत्तकपनाचा."

"रोमन लोकांत दत्तक मुलाला पोटच्या मुलाइतकाच हक्क असायचा, काका. नाव, वारसा, सगळं."

"पुस्तकात हाय?"

"हो."

"मंग खरा असल." ते हसले. थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला. "मी असा सांगनार हाय. देवानं आपल्याला लेकरू म्हनून घेतला, त्याचा काम झाला. पन लेकरू बाप म्हनून हाक मारीपर्यंत तो वाट बघतो. कसा वाटतं?"

वेणूने टोपातलं पाणी उगाच ढवळलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली, आणि पाणी गार झालं नव्हतं तरी गरम पाणी आणायला उठली.

आठ वर्षांची असताना ती या घरात आली होती. तिचे वडील काशिराम द्रोणागिरीच्या गोदामांत ट्रेलर घेऊन यायचे. तिथेच कमळाकर इंजिनं दुरुस्त करायचे, तेवढीच ओळख. काशिराम अपघातात गेले आणि पोरीला न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा मूलबाळ नसलेले कमळाकर आणि आशालता तिला घेऊन आले. जन्मदात्री आई वेणूला आठवतच नव्हती. त्यामुळे आशालताला 'आई' म्हणणं पहिल्याच संध्याकाळी जमलं. वडील मात्र आठवत होते. त्यांच्या खांद्यावरून दिसणारा रस्ता आठवत होता. त्या जागी दुसऱ्या कुणाला बसवायला तिची जीभ वळली नाही. कमळाकर काकाच राहिले. आशालता गेल्यावर घरात दोघंच उरली, वेणू लोकांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासत चाळिशी ओलांडून गेली, तरी काकाच.

रविवारी सकाळी ती चहा घेऊन बाहेर आली. ते खुर्चीवर बसले होते, अंगात पांढरा शर्ट, भांग नीट पाडलेला. एका पायात मोजा होता, दुसरा गार पडलेल्या हातात.

सोमवारी खोली माणसांनी भरली. पाळकसाहेब वेणूजवळ येऊन हळूच म्हणाले, "दफनभूमीत कुटुंबातर्फे तुम्ही चार शब्द बोला."

"मी नको," वेणू म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांगा."

हौसा शवपेटीला टेकून बसली होती. डोळ्यांना पदर लावलेला असला तरी कान उघडे होते.

"का गो? दुसरा कोन हाय? तुमच्यात आधीच कुनी मोठ्यानं रडत नाय. सगले कशे परीक्षेला बसल्यावानी बसलेत. तू पन गप?"

"मी काय म्हणून बोलू, आत्या? त्यांना मी कधी बाबा म्हटलं नाही. परवा ते म्हणाले, लेकरू हाक मारीपर्यंत बाप वाट बघतो. आणि मी उठून आत गेले."

हौसाने पदर खाली घेतला.

"अगो, ती देवाची गोष्ट. देवाला वेल हाय, तो बघल वाट. आमचा कमल्या कशाला बघल?"

"आत्या..."

"काका म्हंजे कोन गो?"

वेणूने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"इतकी पुस्तका वाचतेस. सांग ना. काका म्हंजे कोन?"

"वडिलांचा भाऊ."

"हां. यानं पानी घेतला, येशूचा झाला, तवा आमच्या दोगं भावांनी याचा नाव टाकला. लग्नाकार्याला बोलावना नाय, मयताला बोलावना नाय. मी येकली चोरून यायची. तू घरात आलीस त्याच्या दुसऱ्या दिशी हा सायकल मारत माझ्या दारात. मना वाटला, कोन मेला. तर हसतोय. म्हनतो, हौसा, पोर मना काका म्हनली. तिच्या बापसाचा भाव केला तिनं मना. मना भाव मिलाला गो." हौसाने नाक पुसलं. "आमी तोडला, तू जोडला. आनि म्हने, काय म्हनून बोलू."

वेणूने पेटीच्या कडेवर हात ठेवला. मग ती उठली, पाळकसाहेबांपाशी गेली आणि म्हणाली, "मी बोलते."

दफनभूमीत प्रार्थना झाली. दोरांवरून पेटी खाली गेली. पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. लोक थोडे पुढे सरले. त्यांना वाटलं, ती त्यांच्याकडे वळून बोलेल. वेणू मात्र कडेला गुडघ्यांवर बसली आणि तिने मूठभर माती घेतली. तिचा आवाज मागच्या माणसांनाही स्वच्छ ऐकू गेला.

"काका, तिथे माझे बाबा भेटतील. काशिराम नाव. त्यांना सांगा, 'तुमची पोरगी आता माझीही मुलगी आहे.' मी सांगितलंय म्हणून सांगा."