नोरीनच्या अंगणातली पाटी

निवडणूक संपली की लोकांच्या अंगणांत ठोकलेल्या आपापल्या प्रचाराच्या पाट्या उमेदवारांनी दहा दिवसांत उपटायच्या, असा अमेरिकेतल्या त्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, नियम. जज वॉरन टकेट हे काम कधी दुसऱ्यावर टाकत नसे. आधी गरिबांच्या बाजूने लढणारा वकील, मग सरकारी वकील, आणि आता, तिथे जजही मतांवरच निवडतात म्हणून, लोकांनी तिसऱ्यांदा निवडून दिलेला जज. दारोदार फिरायची त्याला सवयच होती. या खेपेला मात्र नोरीन स्टिडमचं घर त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं.

तिच्या मुलाला, लेलंडला, त्याने मतदानाच्या बारा दिवस आधी सहा वर्षं ठोठावली होती. औषधांचं दुकान फोडलं, पहिलाच गुन्हा. सरकारी वकिलाने दोनच मागितली होती. पण समोरचा उमेदवार ‘टकेट गुन्हेगारांशी मवाळ’ म्हणून गावभर बोंबलत होता. दुसऱ्या दिवशी पेपरात सहाचा आकडा ठळक छापून आला आणि टकेटला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच आता त्याला किळस येत होती.

नोरीन पायरीवरची पानं झाडत होती. टकेट अंगणातली पाटी उपटू लागला, तशी ती म्हणाली,

“जोर लावा, जजसाहेब. लेलंडनं ठोकलीय. म्हणाला, आई, या माणसानं बाबांची केस लढवली होती.”

“तुम्ही काढून का नाही टाकलीत?”

“मत तरी कुठं काढता आलं? लेलंडला शिक्षा व्हायच्या आधीच टपालानं पाठवलेलं. परत मिळत नाही म्हणाले.”

“नोरीनबाई, केसबद्दल मला बोलता येत नाही.” नियम खराच होता. त्याच्या आड लपायला मिळालं म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच लाज वाटली.

“केस राहू द्या. मतदान झाल्यावर तारीख पडली असती, तर किती दिली असती?”

दोन वर्षांनी अपील कोर्टातली जागा रिकामी होणार होती. पक्षाने त्याचंच नाव धरलं होतं. गाडी चार पावलांवर उभी होती.

“दोन,” तो म्हणाला.

झाडू थांबला. “मग वरची चार कशाची?”

उपटलेली पाटी त्याच्या हातातच होती, मोठ्या अक्षरांत त्याचं नाव असलेली. “हे उद्या लेलंडच्या वकिलाला सांगा. मी म्हणालो म्हणून सांगा. मी नाकारणार नाही.”

“तुमची खुर्ची जाईल.”

“जाईल.”

“आणि लेलंड सुटेल?”

“ते आता दुसरा जज ठरवेल. माझ्या हातात नाही.”

“तेव्हा होतं,” नोरीन म्हणाली, आणि पुन्हा पानं झाडू लागली.