चौदाव्या मजल्यावरचा चाँद

एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी, टिटवाळ्यातल्या आमच्या चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीतून मी ईदचा चाँद पाहिला. आधी शेजारच्या प्रीतीने बोट दाखवलं, मग मला दिसला. कापलेल्या नखाएवढा, धुरकट आभाळात. खाली मशिदीच्या गच्चीवर बारा पुरुष माना उंचावून उभे होते. त्यांच्या पश्चिमेला नेमकी आमची बिल्डिंग. त्यांना फार तर आमचे वाळत घातलेले कपडे दिसले असतील.

माझा नवरा मुनीर मशीद कमिटीचा सेक्रेटरी. फोन केला तर त्याने मलाच मशिदीच्या ऑफिसात बोलावलं. चाँदची टोकं कुठल्या बाजूला होती, चष्म्याचा नंबर किती, मौलानांचं सगळं विचारून झालं. आणखी कोणी पाहिला? प्रीतीने. तिची साक्ष चालत नाही, मुसलमान नाही म्हणून. मी एकटी बाई, म्हणून मीही पुरत नाही. ईदच्या चाँदला दोन पुरुष हवेत, नाहीतर एक पुरुष आणि दोन बाया.

मौलाना तरुण, अदबीने बोलणारे. मशीद हनफी पंथाची, त्या मताप्रमाणे साक्ष मान्य झाली नाही तर पाहणाऱ्यानेही उद्या रोजा ठेवायचा. पण आम्ही कोकणी, शाफई पंथाचे. कामं उरकून वाचलेल्या किताबांतून मला एवढं ठाऊक होतं की आमच्यात ज्याने चाँद पाहिला त्याची ईद झाली, त्याला रोजा हराम. त्याने खायचं, फक्त गुपचूप. मौलानांनी तेही कबूल केलं.

"मी खोटं बोलतेय असं वाटतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही आपा. तुम्ही पाहिलाच असणार. पण साक्ष घेता येत नाही."

खोटारडी म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. खरी मानून परत पाठवलेल्या बाईने काय करायचं?

सकाळी शिरखुर्मा केला, दोन वाट्या भरल्या. मुनीरला सांगितलं, पाहणाऱ्यावर ज्याचा विश्वास आहे त्यालाही रोजा नाही, असंही आमच्यात मत आहे. एकवीस वर्षं संसार केलायस, तूच ठरव.

त्याने वाटी हलकेच मागे सारली. "विश्वास आहे गं. पण मी कमिटीत आहे."

म्हणजे खरी मानून परत पाठवणारा काल मशिदीत एक भेटला, आज घरात दुसरा. आणि मग बाहेर जाताना त्याने अगदी मायेने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, मला निवांत खाता यावं, कोणाला दिसू नये म्हणून.

मी दार उघडलं. वाटी घेऊन हॉलमध्ये त्याच्यासमोर बसले आणि चमचा वाजवत खाल्लं. किताबात गुपचूप लिहिलंय. तेवढं मी मानलं नाही.